तांबोळीबाई आणि वधूपिता

सकाळचा चहा येण्याआधी तांबोळीबाई आपल्या जागेवर उभ्या राहत, चष्मा कपाळावरून नाकावर आणत आणि आम्ही आदल्या दिवशी केलेली पापं मोठ्याने वाचायला घेत.

"‘किरकोळ दुरुस्ती.’ बरं. ‘आणखी किरकोळ दुरुस्ती.’ बरं. ‘फायनल.’ अरे वा! ‘फायनल दोन.’ म्हणजे पहिलं लग्न मोडलं वाटतं. ‘आता तरी चाल रे बाबा.’ ही नोंद आहे का नवस?"

हसू यायचं, पण फार हसता यायचं नाही. पुढची ओळ आपली असू शकायची.

आमची कंपनी सिंहगड रस्त्यावर, फरसाणाच्या दुकानाच्या वर होती. आम्ही मंगल कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर करायचो. हॉल कोणत्या तारखेला कोणाला दिला, किती पानं उठणार, स्वागताच्या पाटीवर कोणती नावं झळकणार, हे सगळं त्यातून चालायचं. त्याचा कोड सगळ्यांचा मिळून एका ठिकाणी ठेवलेला असे. त्या सामायिक कोठाराला रेपो म्हणतात. तिथे कोणी एक ओळ जरी बदलली तरी नोंद होते: कोणी बदलली, कधी बदलली, काय बदललं आणि का. यातल्या ‘कोणी’ आणि ‘कधी’ला आमच्या धंद्यात मेटाडेटा असा शब्द आहे. तांबोळीबाई त्याला नोंदीची कुंडली म्हणायच्या. रेपोची देखभाल त्यांच्याकडे होती, आणि रोजच्या वाचनाची प्रथा त्यांनीच पाडली होती.

त्या वाचनात एक चमत्कारिक नियम होता. बाई नोंद वाचायच्या, पण नाव वाचायच्या नाहीत. स्क्रीनवरचा नावांचा रकानाच त्यांनी झाकून टाकला होता.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मी उठून विरोध केला. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं येत. वडील ती लिहीत, आई तपासत आणि मी चिकटवत असे. त्यामुळे कुठेही अन्याय दिसला की माझ्या तोंडून थेट छापील मजकूरच बाहेर पडतो. मी म्हटलं, "बाई, ज्याने घाम गाळला त्याचं नाव गाळणं हा श्रमाचा अपमान आहे!"

हॉलमध्ये एसी चालू होता. घाम कोणालाच आलेला नव्हता. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नाव वाचलं की लोक काम ऐकत नाहीत. मान वळवून माणसाकडे बघतात. मला मानेचे व्यायाम घ्यायचे नाहीयेत. बसा, पत्रके."

तेव्हापासून मी पत्रके. पगाराच्या पावतीवरचं माझं खरं आडनाव कोणाला आठवेनासं झालं.

बाई रविवार पेठेतल्या. घराण्याचं पानांचं दुकान होतं आणि दुकानाइतकीच जुनी त्यांची मराठी होती. एकदा एका कार्यालयाचे मालक आमच्याकडे आले. बाईंशी अर्धा तास बोलल्यावर ते कौतुकाने म्हणाले, "मॅडम, तुम्ही तांबोळी ना? मग एवढं शुद्ध मराठी कसं काय?"

"तुम्ही वापरत नाही ना, म्हणून आमच्याकडे शिल्लक राहिलं," बाई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे चहा सरकवला.



आता वधूपित्याकडे येते.

आमच्याकडे कायम माणसांना लॅपटॉप होते. नव्याने लागलेल्यांसाठी, आणि ज्यांचे लॅपटॉप आजारी पडत त्यांच्यासाठी, खिडकीपाशी एक सामायिक संगणक होता. त्या वर्षी दसऱ्याला तो नवा आणला होता. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, सगळं यथासांग झालं होतं. त्याच सुमारास संगीता काळभोर आमच्याकडे लागली. ती लोणी काळभोरची. रोज दोन बस बदलून यायची आणि आल्या आल्या खिडकीपाशी जी बसायची ती संध्याकाळीच उठायची. सहा महिने काम पाहायचं आणि पाडव्याला कायम करायचं, असं तिचं ठरलं होतं.

घरी तिचं वेगळं ठरलं होतं. पाडव्याला नोकरी कायम झाली तर ठीक. नाहीतर मांजरी गावचं स्थळ. मुलाचा ऊस होता, नवा फ्लॅट होता, आणि मुलगी घरीच राहावी अशी त्याच्या आईची एकुलती एक अट होती.

"आपल्याच सॉफ्टवेअरवर माझी तारीख पडंल," संगीता म्हणायची. "आणि ती एंट्री पण मलाच टाकाय लावतील."

होळी झाल्यावर परचुरे सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. परचुरे सर आमचे मालक. माणूस सज्जन. डबा गरम करायलाही ‘करू का?’ असं विचारणारा. पण त्यांनी नुकतंच कुठेतरी कामगिरी मोजण्यावरचं व्याख्यान ऐकलं होतं, आणि व्याख्यान ऐकलेला सज्जन माणूस फार धोकादायक असतो. त्यांनी रेपोतल्या नोंदी मोजून प्रत्येकाच्या नावाचा खांब काढला होता आणि ते खांब भिंतीवर पाडले होते. माणसाचं काम नोंदींच्या संख्येवर मोजणं म्हणजे स्वयंपाक भांड्यांच्या आवाजावर मोजणं, असं माझं मत होतं आणि आहे. ते मी बोलून दाखवणार एवढ्यात भिंतीवरचा सगळ्यांत उंच खांब दिसला आणि मी गप्प झाले.

खांबाखाली नाव होतं: वधूपिता.

"हा आपला हिरा!" परचुरे सर गहिवरून म्हणाले. "सगळ्यांच्या दुप्पट काम. कधी तक्रार नाही, कधी रजा नाही. मी तर याला ओळखतही नाही! कोण आहे हा? उभं राहा बघू."

कोणी उभं राहिलं नाही.

"बघा, किती संकोची," सर म्हणाले. "याला मी बढती देणार आहे."

मग त्यांचं बोट घसरत घसरत भिंतीच्या टोकाला गेलं. तिथे संगीताचं नाव होतं आणि नावावर खांबच नव्हता. नुसती भिंत होती.

"काळभोर, सहा महिन्यांत एकही नोंद नाही?"

संगीता उभी राहिली.

"बस, बस. उन्हाचं येतेस, लांबून येतेस, कळतं मला," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पाडव्यापर्यंत ये. मग बघू."

पुण्यात ‘मग बघू’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

सभा संपली तशा तांबोळीबाई सरांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही मागोमाग घुसले.

"सर, वधूपिता हा माणूस नाही," बाई म्हणाल्या.

"मग काय आहे?"

"चूक आहे."

"चुकीने एवढं काम केलं?"

"काम माणसांनीच केलं. खिडकीतल्या संगणकात कोणीतरी पहिल्या दिवशी नावाच्या जागी ‘वधूपिता’ लिहून ठेवलंय. तिथे जो बसेल त्याची नोंद वधूपित्याच्या नावाने होते. काळभोर सहा महिने तिथेच बसते. निनादने लॅपटॉपवर चहा सांडला तेव्हा महिनाभर, संध्याकाळी ती उठली की, तोही तिथेच बसायचा. इतरही येऊन जाऊन असतात."

सरांनी केबिनच्या दारातून हॉलच्या भिंतीवरच्या उंच खांबाकडे पाहिलं. हातातोंडाशी आलेला हिरा जात होता.

"पण मग कोणाचं काय ते कसं कळायचं? सगळेच म्हणतील माझं. पाडवा आठवड्यावर आलाय, बाई. माझ्यासमोर सिद्ध झालं तर झालं."

बातमी बाहेर फुटली आणि निनाद धावत आला. निनाद हुशार होता, आणि ते त्याला इतरांच्या आधी कळलेलं होतं. "सिंपल आहे, बाई. एक स्क्रिप्ट मारतो. वधूपिता जिथे जिथे असेल तिथे नाव बदलायचं, पूर्ण हिस्टरी रीराइट. पाच मिनिटं."

‘पूर्ण हिस्टरी रीराइट’ हे शब्द ऐकले आणि माझ्या अंगात तीन पिढ्यांची पत्रकं संचारली. जेवणाच्या सुट्टीत मी लिहिलं आणि पाण्याच्या फिल्टरवर चिकटवलं. मथळा होता: ‘इतिहास पुसणाऱ्यांनो, सावधान!’ सत्ताधीश नेहमीच इतिहास आपल्या सोयीने लिहीत आले आहेत, आज आमच्या रेपोवर हात पडतो आहे, उद्या कोणावर पडेल, अशी ती मांडणी होती. शेवटी तीन उद्गारचिन्हं होती.

तासाभराने पत्रक माझ्या टेबलावर परत आलं. बाईंनी लाल पेनाने तपासलं होतं. ‘सत्ताधीश’खाली रेघ मारून त्यांनी लिहिलं होतं, ‘परचुरे?’ तीनपैकी दोन उद्गारचिन्हं खोडली होती. खाली शेरा होता: ‘मुद्दा बरोबर. आवाज जास्त.’

तोवर निनादने आपल्या लॅपटॉपवर, स्वतःपुरत्या प्रतीत, स्क्रिप्ट चालवूनही पाहिली होती. घाईत ‘फक्त वधूपिता असेल तिथेच’ ही अट लिहायची राहून गेली. पाच मिनिटांत कंपनीच्या जन्मापासूनचा सगळा कोड एकट्या निनादने लिहिलेला निघाला.

बाईंनी त्याच्या खांद्यावरून वाकून पहिलीच नोंद वाचली. "निनाद, ही जेव्हाची आहे तेव्हा तू सातवीत होतास."

"अं… हो, बाई."

"लहानपणापासूनच हुशार."

त्या लॅपटॉपवरची ती प्रत पुसली गेली आणि इतिहास बदलण्याचा विषय संपला. तसाही तो बदलता येणं अवघड होतं. रेपोतल्या नोंदी एकमेकींना गुंफलेल्या असतात. जुनी एक हलवली तर तिच्यापुढच्या सगळ्या बदलतात आणि प्रत्येकाजवळची प्रत परकी होऊन बसते. लग्नसराई तोंडावर होती.

संध्याकाळी बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. "पत्रके, तुमच्या घरी छापून झालेल्या पत्रकात चूक सापडली तर काय करता हो? जाळता?"

"छे! शुद्धिपत्र चिकटवतो. खाली लहानशी पट्टी. अमुक ओळीत तमुकऐवजी असं वाचावं."

"मग इथे काय वेगळं आहे? इतिहास खोडायचा नाही, हे तुमचं बरोबर. पण चुकीचाच ठेवायचा असं कुठे लिहिलंय? जुन्या नोंदीला हात न लावता तिच्या पायाशी टीप जोडायची सोय रेपोत आहे. कोणी वापरत नाही, कारण त्यात कोणाला हुशारी दाखवता येत नाही. आपण शुद्धिपत्र लावू. सरांचे खांबही टीप वाचून उभे राहतील असं करता येईल."

"पण बाई, टिपेत नाव कोणाचं लिहायचं? सगळेच म्हणतील माझं."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणू देत की. मी वेगळ्या टोकाने विचारणार आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये सगळे जमले. परचुरे सर पहिल्या रांगेत बसले. वधूपित्याच्या नोंदी भिंतीवर एकेक करून दिसणार होत्या आणि ज्याची असेल त्याने उभं राहायचं होतं. निनाद इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. संगीता दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसली होती, पुढच्या स्टॉपवर उतरायचं असल्यासारखी.

"आज पंगत आहे," बाईंनी सुरुवात केली. "पण उलटी. आधी उष्टी उचलायची, मग जेवायला बसायचं. ज्या नोंदींनी गोंधळ झाले त्या पहिल्यांदा दाखवणार. चांगल्या नंतर. ज्याने एकही उष्टं उचललं नाही त्याला ताट मिळणार नाही."

सगळीकडे कुजबुज झाली. निनादने कॉलर सैल केली.

"पहिलं उष्टं माझं," बाई म्हणाल्या. "सहा महिने मी रोज या नोंदी वाचत होते आणि नावाचा रकाना झाकून ठेवत होते. उघडा असता तर दुसऱ्याच दिवशी वधूपिता दिसला असता. रोज सकाळी तुम्हाला शहाणपण शिकवत होते आणि नाकाखाली हे चाललं होतं. पुढे."

त्या एवढ्या सहज बोलल्या की आम्हाला दिलासा द्यायलाही वेळ मिळाला नाही. भिंतीवर पुढची नोंद आली आणि हॉल गार पडला.

ती धायरीची नोंद होती. त्या एका बदलामुळे धायरीच्या एका कार्यालयात एकाच सकाळी दोन लग्नं लागली होती. दोन नवरदेव, दोन घोडे, दोन बँड, आणि दोन्ही बँड वेगवेगळी गाणी वाजवत समोरासमोर उभे. एका नवरीच्या मामाने घाईत दुसऱ्याच नवरीचा हात धरून तिला बोहल्यावर आणलं, असंही सांगतात. शेवटी एक लग्न हॉलमध्ये आणि एक गच्चीवर लागलं. परचुरे सरांना दोन्हीकडच्या मंडळींनी मध्ये उभं करून झोडपलं होतं, अर्थात शब्दांनी. ती चूक कोणाची हे सर तेव्हापासून शोधत होते.

सगळे पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

मग दाराजवळची खुर्ची सरकली.

"ती माझी हाय," संगीता म्हणाली. ऑफिसात ती जपून बोलायची, पण त्या वेळी लोणीच पुढे आली. "तारीख बघितली, पर सकाळ का संध्याकाळ ते बघायचंच राहिलं. एक पार्टी सकाळची हुती, एक संध्याकाळची. मी दोघास्नी सकाळच दिली. नंतर ध्यानात आलं तवा नीट केलं, पर सांगायचं धाडस झालं न्हाई."

परचुरे सरांची मान लाल झाली. ते उठू लागले.

"सर, बसा," बाई म्हणाल्या. मालकाला असं कोणी म्हणालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सर बसले.

"काळभोर, तूही बस. आता नीट ऐका सगळे. नोकरी जायच्या बेतात असताना जिने हे उचललं, ती पुढे ज्या नोंदीला ‘माझी’ म्हणेल ती तिची. तिला कोणी पुरावा विचारायचा नाही."

निनादच्या चेहऱ्यावर हिशोब चाललेला स्पष्ट दिसत होता. मग तो उजळला.

पुढची नोंद आली. ही त्याहून गाजलेली. स्वागताच्या पाटीवर नवरदेवाच्या नावाआधी ‘चि.’ लागायचं, त्याऐवजी यादीत खालचं अक्षर उचललं जाऊन ‘कै.’ लागलं होतं. कार्यालयाच्या दारात, झेंडूच्या तोरणाखाली, ‘कै.’ लावलेल्या मुलाच्या शुभविवाहाला आपलं सहर्ष स्वागत. मुलाची आजी तिथेच बसली होती म्हणतात. निनाद गेले चार महिने प्रत्येकाला, अगदी खालच्या फरसाणवाल्यालाही, शपथेवर सांगत होता की ही चूक त्याची नव्हे.

"माझी!" मागच्या रांगेतून एकाने हात वर केला.

"ए, तुझी कशी?" निनाद ताडकन उठला. "माझी आहे ती!"

"तू तर म्हणायचास तुझी नाही!"

"खोटं बोलायचो! बाई, लिस्टमध्ये मोजणी शून्यापासून असते, मी एकपासून धरली, म्हणून एक घर खाली गेलं. याला विचारा, याला सांगता येतंय का? ती माझी चूक आहे, ऑनेस्टली माझी आहे, ही माणसं माझ्या चुका ढापतायत!"

त्यानंतर पंगत रंगात आली. आजवर जी पापं पोरकी होती त्यांना दोन-दोन बाप मिळू लागले. पाचशे पानांऐवजी पाच पानं सांगणारी चूक, सगळे मुहूर्त मध्यरात्रीचे दाखवणारी चूक, एका कार्यालयाला वर्षभर सुट्टी देऊन टाकणारी चूक. लोक हमरीतुमरीवर आले. "सर, त्याने फक्त स्वल्पविराम टाकला, खरा गोंधळ मी केला!" असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बाई प्रत्येकाला एकच विचारत, "कशी झाली, सांग." ज्याला सांगता येईल त्याची चूक, आणि मग त्या भोवतीचं चांगलं कामही त्याचं. शेजारी बसून मी टिपा जोडत होते. खिडकीतल्या संगणकावरच्या बहुतेक साऱ्या नोंदी संगीताच्या पायाशी येऊन थांबल्या. ती प्रत्येक वेळी उभी राहायची, ‘माझी’ म्हणायची आणि बसायची. चौथ्या-पाचव्या वेळी तिने मांडीवरची पर्स खाली ठेवली.

परचुरे सर थक्क होऊन पाहत होते. "बाई, झालं का सगळं?"

"एक उरलंय. अगदी पहिलं."

भिंतीवर दसऱ्याच्या सकाळची नोंद आली. नाव वधूपिता. कारणाच्या जागी नुसतं ‘श्री’. आणि बदल काय, तर कोडच्या सगळ्यांत वरच्या ओळीवर कोणीतरी ‘॥ श्री ॥’ असं लिहिलं होतं. कॉम्प्युटरला ते कळण्यासारखं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी दुपारपर्यंत काहीच चाललं नव्हतं. नव्या यंत्राला नजर लागली म्हणून कोणीतरी लिंबूमिरचीही आणली होती.

"हे कोणाचं?" बाईंनी विचारलं. त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या. चष्मा पुसत होत्या.

या वेळी हक्क सांगायलाही कोणी पुढे आलं नाही. मग पहिल्या रांगेत परचुरे सर सावकाश उभे राहिले. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या, दूरचं काहीतरी वाचत असल्यासारख्या.

"पहिली नोंद माझ्या हातून व्हावी म्हणून तुम्ही मला बसवलं होतं," ते म्हणाले. "मी ‘श्री’ लिहिलं. मग एक चौकट उघडली. आपण कोण, असं विचारलं तिने." ते थांबले. "आमच्या मंजिरीचं लग्न ठरलं होतं तेव्हा. केटरर, बँड, कार्यालय, फुलवाला, त्या महिन्यात मला जो तो हेच विचारत होता. आपण कोण? मी म्हणायचो, वधूपिता. तेच लिहिलं असणार."

हसावं का नाही हे कोणाला कळेना. सरांनी भिंतीवरच्या त्या नावाकडे पाहिलं आणि स्वतःच आधी हसले, पोट धरून. मग सगळा हॉल सुटला. "म्हणजे मी मलाच बढती देत होतो!" सर डोळे पुसत म्हणाले. "आणि त्या पोरीला माझ्या नावापायी…" ते वळले. "काळभोर, घरी फोन कर. पाडव्याची वाट बघू नकोस."

संगीता फोन घेऊन जिन्यात गेली. दार बंद असूनही "न्हाई म्हणावं त्या मांजरीवाल्यास्नी!" एवढं सगळ्यांना ऐकू आलं.

सगळे पांगल्यावर मी बाईंना गाठलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"कालपासून. नाव वाचल्यावर सगळं आठवलं. दसऱ्याला नारळ माझ्याच हातात होता."

"मग त्यांच्या तोंडावर का नाही सांगितलंत? मालक म्हणून सूट? हा पक्षपात आहे, बाई!"

"हळू, पत्रके. फिल्टर लांब आहे." त्यांनी पर्स उचलली. "मालकाची चूक आपण मालकाला सांगितली की ती आपली होते. त्याने स्वतः उचलली तर त्याचीच राहते. मला ती त्यांचीच राहायला हवी होती. पोरीची नोकरी माझ्या शब्दावर टिकली असती तर पुढच्या व्याख्यानापर्यंतच टिकली असती."

मी लहानपणापासून बरंच चिकटवलं आहे. पण यातली एकही ओळ मला कुठल्या पत्रकात सापडली नव्हती.

काही वर्षांनी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि बाईंनी काम थांबवायचं ठरवलं. निरोपाला परचुरे सरांनी मोठं भाषण तयार केलं होतं. "तांबोळीबाईंचं कर्तृत्व," अशी त्यांनी सुरुवात करताच बाईंनी हात वर केला.

"सर, आधी उष्टी."

मग तासभर आम्ही बाईंच्या चुका सांगितल्या. कोणाच्या चहात त्यांनी मीठ घातलं होतं, कोणाची रजा विसरल्या होत्या, कोणाला ‘तुझ्याने होणार नाही’ म्हणाल्या होत्या आणि त्याच्याने झालं होतं. निनाद म्हणाला, "मला सातवीतला म्हणालात ते अजून घरी सांगतात." बाई प्रत्येक चुकीला मान डोलवून ‘माझी’ म्हणत होत्या. पेढे आले तेव्हा सरांचं भाषण त्यांच्या खिशातच होतं, आणि ते वाचायची कोणाला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा येण्याआधी संगीता उभी राहिली. रेपो आता तिच्याकडे आला होता. नावांचा रकाना आता रोज आधी स्वतः नीट पाहून घ्यायचा आणि मग झाकायचा, एवढाच बदल तिने प्रथेत केला होता. तिने घसा खाकरला आणि आदल्या दिवसाच्या नोंदी वाचायला घेतल्या. किरकोळ दुरुस्ती. आणखी किरकोळ दुरुस्ती. निनादचं एक ‘फायनल’. मग ती थांबली आणि शेवटची नोंद सावकाश वाचली.

"‘जाता जाता माझी एक चूक आवरली. उरलेल्या तुम्हाला सापडतीलच.’"

संगीताने नाव वाचलं नाही. मान मात्र सगळ्यांची वळली, बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे.